कोपराला कळणारी हाक

आमच्या घराचं छत बोलतं. कौतुक म्हणून सांगत नाही, वस्तुस्थिती सांगतो. वरच्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची आहे. तिथे तिघांचं कुटुंब राहतं आणि त्यातल्या दोघांना, म्हणजे आईला आणि वडिलांना, जन्मापासून ऐकू येत नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाला हाक मारायची कशी? समोर असेल तर हात हलवायचा. हाताशी असेल तर कोपराला बोट लावायचं. आणि पाठमोरा असेल तर जमिनीवर पाय आपटायचा. ठोका फळ्यांमधून त्याच्या तळव्यांना कळतो आणि तो वळून बघतो. तेवढ्यात छताच्या रंगाचा एखादा पापुद्रा सुटून माझ्या चहात पडतो. म्हणजे निरोप दोन्ही मजल्यांना पोहोचतो.

सव्वीस वर्षांत मला हे ठोके पाठ झालेत. वहिनींचे तीन, भरभर: ‘जरा इकडे या.’ दादांचा एकच, जड: ‘काय आहे?’ आणि त्यांच्या मुलाचा एक मोठा, दोन बारीक: ‘मी आलोय.’ समोरच्या घरात नव्याने राहायला आलेले गृहस्थ पहिल्याच आठवड्यात काळजीच्या चेहऱ्याने विचारायला आले.

“वरचे लोक रोज भांडतात का हो?”

“छे, गप्पा मारतात,” मी म्हटलं.

“मग भांडताना काय करतात?”

“भांडताना एकमेकांकडे बघत नाहीत. बोलणं डोळ्यांनी ऐकायचं असतं ना. बघितलं नाही की संपलं.”

गृहस्थ विचारात पडून गेले. बहुधा घरी जाऊन त्यांनी तो प्रयोग केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आमच्याशी बोलत नव्हती.

दादा छापखान्यात पुस्तकबांधणी करतात. तिथल्या यंत्रांचा गोंगाट असा की कान असलेली माणसंही कपाळाला आठ्या घालून एकमेकांना खुणाच करतात, आणि त्या जमावात दादा सगळ्यांत वाक्पटू. वहिनी घरी शिवणकाम करतात. त्यांची बोटं फटकळ आहेत. एखाद्या बाईने ‘कमरेत जरा घट्टच शिवा’ असं खुणावलं, तर वहिनी तिच्या कमरेकडे एकदा, मापाच्या टेपकडे एकदा आणि मग छताकडे बघतात. एवढ्यावर ती बाई दोन इंच सैल करून घेते.

यांचा मुलगा म्हणजे निरोप्या. हे नाव आमच्या हिने ठेवलं. ते इथे राहायला आले तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि त्या घराला दारावरची घंटा म्हणून तोच होता. दार वाजलं की धावत जाऊन आईच्या कोपराला बोट लावायचा आणि दाराकडे दाखवायचा. दूध सुस्कारा टाकून वर यायला लागलं की कोपर. खालून काकूने हाक मारली की कोपर. आई सुईत दोरा ओवत असली तर बोट लावून तसाच उभा राहायचा. दोरा गेला की पुन्हा लावायचा. एवढ्याशा पोराला कुणी हे शिकवलं होतं, देव जाणे.

शाळेत घालायच्या दिवशी त्याने दाराची कडी धरून भोकाड पसरलं. सगळीच पोरं पसरतात, पण याचं कारण निराळं निघालं.

“मी शाळेत गेलो तर दूध कोण ऐकणार?”

वहिनींनी हात झटकून उत्तर दिलं, “तू व्हायच्या आधी आम्ही दूध पीत नव्हतो की काय?”

“उतू गेलेलं प्यायचो,” दादांनी मागून हातांनी खरं सांगितलं. वहिनींनी दिवसभर त्यांच्याकडे बघितलं नाही.

पोराला काखोटीला मारून त्यांनी शाळेत नेऊन सोडलं. त्या दुपारी दूध उतू गेलं. त्याला कळू नये म्हणून वहिनींनी शेगडी घासून लख्ख केली, खिडक्या उघडल्या. पण शाळेतून आलेल्या पोराने दारातच नाक वर केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडी धरली. मग वहिनींनी शिलाई मशीनच ओढून असं फिरवलं की शेगडी डोळ्यांसमोर यावी. दुधाचा प्रश्न मिटला. दार मात्र पाठीमागे गेलं ते गेलंच. दादांनी दारासाठी लुकलुकणारा दिवा लावला. तो दिवसाउजेडी दिसेना, आणि सुईवर डोकं वाकवून बसलेल्या बाईला संध्याकाळीही दिसेना. दुधाचं सोडलं तर बाकी खातं निरोप्याकडेच राहिलं.

आता तो एकोणतीस वर्षांचा आहे आणि मोबाइलची ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो. तिथे त्याचं काम काय, तर पुश नोटिफिकेशन. आपला फोन निमूट पडलेला असतो, ॲप आपण उघडलेलंही नसतं, आणि तरी तो टुण्कन वाजून काहीतरी सांगतो; ते सांगण्याची सगळी व्यवस्था हा करतो. मला त्याने एकदा समजावून सांगितलं होतं.

“काका, ॲप फोनमध्ये घातलं की त्या फोनला एक लांबलचक नंबर मिळतो. टोकन म्हणतात त्याला. पत्ता समजा. आमचा सर्व्हर निरोप तयार करतो आणि त्याच्यावर हा पत्ता घालून फोनवाल्यांच्या सर्व्हरकडे देतो. त्यांची आणि प्रत्येक फोनची एक तार कायम जोडलेली असते. ते निरोप ढकलतात, फोन थरथरतो.”

“म्हणजे तू लहानपणी करायचास तेच.”

“तेच. फक्त तेव्हा मी तीन गोष्टी सांगायचो. दूध, दार आणि काकू. आता चार लाख लोकांना सांगतो की तुमच्या आवडीची चप्पल तुमची वाट बघतेय.”

हे सांगताना तो ओशाळतो. कुणाच्याही कोपराला विनाकारण बोट लावू नये, ही त्याची घरची शिकवण. साहेबांशी त्याचा वाद एकाच गोष्टीवरून होतो. साहेबांचं म्हणणं, ॲप उघडल्याउघडल्या माणसाकडून नोटिफिकेशनची परवानगी मागून घ्यायची.

“साहेब,” हा म्हणतो, “पाहुणा उंबऱ्यात पाऊल टाकतोय तोच ‘तुमच्या घरी वाटेल तेव्हा येऊन ओरडलो तर चालेल का’ असं विचारलं, तर तो नाहीच म्हणणार. आणि नाही म्हणाला की पुन्हा धड विचारायची सोय उरत नाही.”

“मग विचारायचं कधी?”

“त्यालाच आपली गरज पडेल तेव्हा. चप्पल मागवली की लगेच विचारावं, निघाली की कळवू का? तेव्हा हो म्हणतात.”

साहेब कुरकुरतात, पण याने लावलेली नोटिफिकेशनं लोक बंद करत नाहीत, हे आकड्यांत दिसतं, म्हणून ऐकतात.

अशा या सरळमार्गी प्राण्याच्या आयुष्यात एक मुलगी आली. ती गणित शिकवते. तिच्या वर्गात ऐकू न येणारं एक मूल होतं, म्हणून ती खुणांची भाषा शिकायला सुट्टीतल्या वर्गात आली आणि शिकवायला होता निरोप्या. अडचण एवढीच की तिची शाळा दुसऱ्या शहरात, इथून गाडीने आख्खा दिवस. शाळा सोडून तिला येता येत नव्हतं. दादांचा छापखाना आणि वहिनींची गिऱ्हाइकं सोडून आईवडिलांना जाता येत नव्हतं. राहता राहिला निरोप्या. त्याच्या कंपनीची शाखा तिच्याच शहरात होती; तिथे एक जागा रिकामी झाली आणि साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत सांग, नाहीतर दुसरा माणूस घेतो.

दोन वर्षं थांबलेली ती मुलगीही फोनवर म्हणाली, “मी थांबते म्हणाले होते. किती, ते म्हणाले नव्हते.”

घरात विषय निघाला तेव्हा वहिनींनी हातातली कात्री खाली ठेवून दोन्ही हातांनी सुनावलं, “जा! आम्ही काय कुकुलं बाळ आहोत?”

“आणि दार?” याने विचारलं.

“दार कुठे पळून जातंय?”

हे झालं बोलणं. प्रत्यक्षात मागच्याच महिन्यात निरोप्या कामासाठी चार दिवस बाहेरगावी गेला, तेव्हा दादा किल्ली घरात विसरले आणि स्वतःच्या दाराबाहेर पावणेदोन तास उभे होते. आत वहिनी शांतपणे परकर शिवत होत्या. दादांनी बाहेरच्या जिन्यावर पाय आपटून आपटून पाहिलं, पण जिना दगडी, त्यातून काही जात नाही. आम्ही दोघं नेमके बाजारात. परत आलो तेव्हा दादा आमच्या पायरीवर पाय चोळत बसले होते. तेव्हापासून त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते. पण वाजवायला घंटाच नाही आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी, अशा घरातून पाय कसा निघावा? तो म्हणायचा, “काका, मी त्यांच्यासाठी पक्की हाक बसवतो. ती बसली की मी मोकळा.”

ती हाक म्हणजे आईसाठी केलेलं ॲप. दाराला त्याने एक बटण बसवलं. दाबलं की निरोप फोनवाल्यांच्या कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवर जायचा आणि तिथून वहिनींच्या फोनवर.

“म्हणजे आठ पावलांवरची हाक समुद्रापलीकडे जाऊन परत येणार?” मी विचारलं.

“हो. पण सेकंदात येते.”

“दाराला भोक पाडून दोरी बांधली असतीस वहिनींच्या पायाला.”

“काका, तसं केलं तर दादा दुसऱ्या शहरातून दोरी कशी ओढणार? मी म्हणजे… मी कशी ओढणार?”

बोलण्याच्या भरात त्याने बापाला स्वतःच्या जागी नेऊन बसवलं, त्यावरून मला कळलं की त्याच्या डोक्यात आता दुसरं काही नाही.

यातली खुबी अशी की प्रत्येकाची थरथर त्याने वेगळी बसवली होती. दाराची दोन लांब. आमच्या हिची तीन आखूड, भांडल्यासारखी. दादा छापखान्यातून निघाले की एकच, जड. आणि स्वतःची, एक मोठी, दोन बारीक. छतावरचे ठोके त्याने जसेच्या तसे फोनमध्ये उतरवले होते. पहिल्या दिवशी टेबलावर फोन ठेवून त्याने दाखवलं तेव्हा दादांनी टेबलाला हात लावला, डोळे मिटले आणि न चुकता प्रत्येकाचं नाव सांगितलं. वहिनींनी फोन दोन्ही हातांत धरला. उठून दुसऱ्या खोलीत गेल्या आणि कापडाच्या गाठोड्यात काहीतरी शोधत बसल्या.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते चालेना.

म्हणजे संध्याकाळी चालायचं, दिवसा चालायचं नाही. दुपारी हा कचेरीतून हाक मारायचा. वहिनींचं उत्तर नाही. संध्याकाळी येऊन विचारलं, तर वहिनी तळहात उलटे करायच्या, ‘नाही बाबा, काही आलं नाही.’ हा म्हणायचा फोन दे, त्या उठून फोन आणून द्यायच्या, हा समोर बसून हाक मारायचा, फोन त्याच्या हातात टुणटुणीत थरथरायचा.

तीन आठवडे त्याने त्या फोनचा जणू पंचनामाच केला. टोकन बदललं असेल म्हणून नवीन घेतलं. बॅटरी वाचवायला फोन ॲपला झोपवत असेल म्हणून ती सोय बंद केली. निरोप तातडीचा आहे असा शेरा मारून पाहिला. आमच्या हिला रोज दुपारी दारावरचं बटण दाबायचं काम लागलं. ती म्हणायची, “एवढ्या वेळा मी देवळातली घंटा वाजवली असती, तर तुझं लग्न होऊन बारसंसुद्धा झालं असतं.”

“काकू, सर्व्हर म्हणतोय पोहोचलं. फोन म्हणतोय पोहोचलं. आईलाच कळत नाही.”

“मग आईला विचार.”

“आई म्हणते आलंच नाही. आता यात खोटं कोण बोलतंय?”

महिना संपायला पाच दिवस उरले. सकाळी कामावर जाताना तो आमच्या दारात थांबला. दाढी केलेली नव्हती.

“काका, आज साहेबांना नाही सांगतो. तिलाही सांगतो. माझ्याच्याने हे बसत नाही.” मग हसायचा प्रयत्न करून म्हणाला, “चार लाख लोकांना चप्पल पोहोचवतो मी. एका आईला दार पोहोचवता येत नाही.”

तो गेल्यावर आमची ही बराच वेळ भांडी आदळत होती. छत बोलतं तशी आमच्याकडे भांडी बोलतात. अखेर म्हणाली, “अहो, मी वर जाते. उशीचे अभ्रे शिवून झालेत का बघते.”

“आणि?”

“आणि काय? बायकांच्या गोष्टी बायकांना दिसतात.”

किल्ली घेऊन ती वर गेली. पुढचं तिच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. वहिनी पाठमोऱ्या, मशीनवर. गळ्यात दोरीने अडकवलेली एक पिशवी. कशी? तर पोपटी कापडाची, वर बारीक नक्षीची शिवण, काठाला दुहेरी पट्टी, आणि आत दोन थर कापूस भरून गोधडीसारखी टाचलेली. बाळाची दुपटी करतात ना, तशी. त्या दुपट्यात फोन झोपलेला. हिने पुढे जाऊन पाहिलं आणि सव्वाबाराच्या ठोक्याला, जेवणाच्या सुट्टीत निरोप्या रोज हाक मारतो त्या वेळेला, पिशवीच्या तोंडातून उजेड चमकला. वहिनींची मान सुईवर. हिने पिशवीला हात लावला.

“अहो, मांजर गोधडीखाली घुरघुरावं तसं!” ही खाली धावत येऊन सांगत होती. “एक मोठी, दोन बारीक, सगळं बरोबर! बाहेर तसूभर येत नव्हतं!”

मुलाने दिलेल्या फोनला धक्का लागू नये, म्हणून आईने त्याला दुलई शिवली होती. मुलगा संध्याकाळी फोन मागायचा, तेव्हा ती दुलई काढून, घडी घालून ठेवायची आणि फोन तेवढा हातात द्यायची. पाहुण्याला पांघरुणासकट बाळ दाखवतं का कुणी?

हिने निरोप्याला फोन लावला. तो साहेबांच्या दाराशी उभा होता. आत पाऊल टाकून नाही म्हणणार, तेवढ्यात फोन वाजला.

“आहेस तिथून मागे फीर,” ही ओरडली. “साहेबांना काही सांगितलंस तर तंगडी मोडीन!”

अर्ध्या तासात तो आमच्या जिन्याच्या पायरीवर बसलेला होता. ऐकलं, आणि आधी हसला. मग गुडघ्यांत डोकं घालून बसला. मग पुन्हा हसला.

“तीन आठवडे मी सर्व्हरला शिव्या देतोय, काकू.”

“दे आता मला.”

“पण आईला सांगायचं नाही,” तो एकदम उठून म्हणाला. “तिने दोन रात्रींचं टाचण घातलं असणार त्यात. मी थरथर वाढवतो. जास्त वेळ, जास्त जोरात.”

“कापसातून?”

“बघतो ना काहीतरी.”

म्हणजे हा गडी आता आईच्या गोधडीला कोड लिहून भोक पाडणार होता. तो वर निघाला. आम्हीही मागोमाग गेलो. अभ्रे आणायचे राहिले होते.

पण खुणांच्या भाषेत एक गैरसोय आहे. जिभेला खोटं सरावाने जमतं, हात अडखळतात. याने ‘काही नाही, सहज लवकर आलो’ असं करायला सुरुवात केली, आणि वहिनींनी त्याचे दोन्ही पंजे मधेच हवेत पकडले. सोडले आणि भुवया उडवल्या: बोल.

मग त्याने सांगितलं. पिशवीकडे बोट केलं, छातीवर हात ठेवून झोपल्याची खूण केली, आणि गाल फुगवून घोरून दाखवलं.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पिशवीकडे. मला वाटलं, आता रडतात की काय. पण त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता त्या एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि पहिली गोष्ट कोणती केली, तर पाय तीनदा आपटले. जेवायला घरी आलेले दादा आतून हात पुसत आले. त्यांना सगळं पुन्हा सांगण्यात आलं, घोरण्यासकट.

“तरी म्हटलं,” दादा म्हणाले, “माझ्या फोनलाही एक शिवायला घेतली होती हिने.”

आणि मग त्या बाईने उसवणी घेतली. आपण केलेली नक्षीची शिवण उसवायला शिंपिणीला किती वेळ लागतो? जेवढा आपल्याला उसासा टाकायला. कापसाचे दोन्ही थर बाहेर काढून मांडीवर ठेवले. निरोप्या ‘अगं थांब, थांब’ करत होता. त्याच्याकडे बघितलंच नाही, म्हणजे ऐकलंच नाही.

नुसत्या अस्तराच्या पातळ पिशवीत फोन घालून त्यांनी याला हाक मारायला लावली. फोन गळ्यात ठेवला, मान हलवली. छातीत आधीच धडधड असते, त्यात मिसळतं. मशीनवर ठेवला, पुन्हा नाही. मशीन चालू असताना मशीनच बोलतं, दुसऱ्याचं चालू देत नाही. कमरेला, तिथे कापडांचा ढीग. निरोप्या बघत उभा होता. थरथर पाठवण्यात त्याची सात वर्षं गेली होती. घेण्यातला अधिकार कुणाचा, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं असावं. जी बाई पायाला येणाऱ्या हिसक्यावरून सुई बोथट झाल्याचं ओळखते, तिला हा थरथर शिकवत होता!

शेवटी वहिनींनी रुंद इलॅस्टिकचा तुकडा कापला, पिशवी त्याच्यावर जोडली, आणि डाव्या हातात सरकवत वर नेली. कोपराच्या जरा वर थांबल्या. तिथेच. याला खूण केली.

याने खाली मान घालून बटण दाबलं. एक मोठी, दोन बारीक.

वहिनींनी डाव्या बाजूला, खाली बघितलं. तीन वर्षांचं पोर उभं असतं त्या उंचीवर. मग चटकन मान वर करून याच्याकडे.

आमच्या हिने अभ्रे मोजायला घेतले. दोनच होते.

पण वहिनींचं एवढ्यावर समाधान होत नव्हतं. त्यांनी याला आमच्या घरात पाठवलं. दहा हाका मारायच्या, हव्या त्या वेळाने, हव्या त्या माणसाच्या. त्या वर काम करत बसणार आणि पाटीवर खडूने खूण करणार. निरोप्या आमच्या टेबलाशी बसला आणि परीक्षेला बसल्यासारखा घाम पुसत त्याने दहा हाका मारल्या. वर गेलो. पाटीवर नऊ खुणा होत्या. समोर नावं लिहिलेली, सगळी बरोबर. सातवी नव्हती.

निरोप्याचा चेहरा पडला. “दहातली एक जाते. म्हणजे अजून पक्कं नाही.”

वहिनींनी हात उडवला. “गेली नाही. कळली होती.”

“मग लिहिली का नाहीस?”

“सुईत दोरा ओवत होते. थांब म्हटलं.” आणि मुलाकडे जरा रोखून बघत, “तू थांबायचास. दोरा झाला की पुन्हा बोट लावायचास. हे तुझं यंत्र लावत नाही.”

निरोप्या तसाच उभा राहिला. मग खुर्ची ओढून तिथेच बसला आणि लॅपटॉप उघडला. हाक मारली, आणि वहिनींनी फोनवर बोट टेकून ‘कळलं’ असं सांगितलं नाही, तर एक दोरा ओवण्याएवढं थांबायचं आणि पुन्हा मारायची. किती वेळ, हे ठरवायला त्याने वहिनींना चार वेळा दोरा ओवायला लावला. आमच्या हिनेही ओवून दाखवला. तिचा वेळ हिशेबात धरला नाही.

संध्याकाळी तो साहेबांना फोन करून ‘जातो’ म्हणाला. त्या मुलीला काय म्हणाला ते आम्हाला कळलं नाही, कारण त्यासाठी तो जिन्यात गेला आणि तिथे कुजबुजला. आमचे तिखट कान चुकवायला तो पहिल्यांदाच एवढ्या कमी आवाजात बोलला असेल.

पुढच्या रविवारी गेला. वहिनींनी निरोप देताना फार काही केलं नाही. त्याच्या सदऱ्याची एक गुंडी सैल होती ती दारातच घट्ट केली, आणि दात लावून दोरा तोडला. दादांनी सामान उतरवलं. निघताना निरोप्याने दारावरचं बटण दाबून बघितलं. आत मशीनकडे वळलेल्या वहिनींनी मागे न बघताच हात हलवला: कळलं, जा.

सोमवारी दुपारी सव्वाबाराला आम्ही दोघं उगाचच छताकडे बघत बसलो होतो. चहा झाकून ठेवला होता. बारा वीस झाले. काही नाही. ही म्हणाली, “गेल्या गेल्या बिघडलं की काय हो?” मी काही बोलायच्या आत वर तीन ठोके पडले. भरभर. ‘जरा इकडे या.’ पाठोपाठ दादांचा, जड. ‘काय आहे?’

आम्ही वर गेलो. वहिनी फोन हातात घेऊन दादांना दाखवत होत्या. निरोप्याच्या दोन हाका लागोपाठ आलेल्या होत्या, आणि त्याखाली त्याने लिहिलं होतं, ‘पोहोचलो. जागा चांगली आहे. कळलं का? आई? कळलं का?’

वहिनींनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने, सावकाश, उत्तर लिहिलं. मला वाचता यावं म्हणून फोन माझ्याकडे वळवला.

‘पहिल्या हाकेलाच कळलं. दोरा ओवत होते. तिकडे दूध तापत असेल, ते बघ.’